पात्रात कोणी नाही

नरडाणा
१२ जानेवारी १९९७

चि. कुंदास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. टेलिफोन मेला, म्हणून पेन हातात धरलं. झालं असं की एमआयडीसीकडच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. रस्तावाल्यांनी जेसीबी घातला आणि टेलिफोनची केबल शेवग्याच्या शेंगेसारखी ओढून बाहेर काढली. टेलिफोनवाले म्हणतात, आम्हाला विचारलं नाही. रस्तावाले म्हणतात, आमच्या नकाशात इथे केबलच नाही. मी म्हटलं, साहेब, मग ही लोंबतेय ती काय गुळवेल आहे? कोणी हसलं नाही. अक्का सांगत होती, तू पुण्यात हेच काम करतेस, सगळ्या खात्यांचे नकाशे संगणकावर एकावर एक बसवायचे. तर बाई, सुरुवात नरडाण्यापासून कर.

अक्का यंदाही नदीत उतरली. काठावर चांगलं पत्र्याचं घर आहे, पंखा आहे, तुझ्या पगारातून घेतलेला टीव्ही आहे. पण दिवाळी सरली, पांझरेचं पाणी आटलं, वाळू उघडी पडली की तुझ्या मायचे पाय घरात ठरत नाहीत. वाळूत खड्डे घेतले, शेणखत घातलं, टरबूज आणि डांगराचं, तुमच्या पुण्यातल्या खरबुजाचं, बी टोचलं, गवताची खोप बांधली आणि बसली वाडी राखत. आता अक्षय्य तृतीयेपर्यंत, आपल्या अखाजीपर्यंत, मुक्काम तिथेच. शेजारी चिंधा भोई आणि त्याची भिकुबाई. पुढे आणखी खोपी आहेत. मी टरबूज घेणारा, मला बरंच आहे म्हणा. पण माझी सख्खी मोठी बहीण, दोन ट्रकांच्या मालकाची बहीण, वाळूत झोपते, हे लोक मला ऐकवतात. ती मला म्हणते, "चुडामण, तू ठेसनवर पोती व्हाये, तधय मी याच वाळूमा व्हतू." मी हमाल होतो तेव्हाचं काढते आणि पुढे बोलायला जागा ठेवत नाही.

काळजी करू नकोस. वरच्या धरणातून पाणी सोडायचं असलं की पुना कोतवालाला आधी निरोप येतो. तो काठाने चालत, कोणी आहे का म्हणून एकेका खोपीला हाक देतो, "शे का?" खोपीतून "शे!" असं उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. लहानपणी तूही किती वेळा ओरडली असशील. लोक त्याच्याच हाकेला उठतात, दुसऱ्या कोणाच्या नाही. कारण तुला ठाऊक आहे. टरबूजचोर काठावरून "पानी उनं, पानी उनं" बोंबलतात, लोक वर पळाले की खाली वाडी साफ. एकदा अक्काच अशी फसली होती. तेव्हापासून तिचा कानाला खडा.

आता ज्यासाठी लिहितोय ते. परवा दोन जण जीपमधून आले. हातात नदीचं रंगीत चित्र, आकाशातून काढलेलं. मला विचारलं, वाळूत हे हिरवे ठिपके कसले? मी म्हटलं, शेवाळ असेल. चहा पाजला. माणसं चहा पिताना माझ्यासमोर हळू बोलतात, पण माझे कान कसे आहेत तुला माहीत आहे. एक दुसऱ्याला म्हणाला, "अतिक्रमणाच्या थरात टाकू." कुंदा, गेल्या वर्षी जामनेरकडच्या एका नदीत असेच ठिपके मोजून गेले आणि महिन्याभरात बुलडोझर आला. ही तुझ्याच ऑफिसची माणसं का?

कळव.
तुझा,
चुडामणमामा


पुणे
२७ जानेवारी १९९७

ती. मामांस,
कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हो, आमचीच माणसं. परत आल्यावर म्हणाली, नरडाण्याला एका ट्रकवाल्याने फार आग्रहाने चहा पाजला आणि धडधडीत खोटं सांगितलं. तो माझा मामा, हे त्यांना ठाऊक नाही.

तुमची केबलची गोष्ट मी बैठकीत सांगितली. टेलिफोनवाले सोडून सगळे हसले. आमचा समन्वय कक्ष त्यासाठीच काढलाय. महसूल, पाटबंधारे, वन, बांधकाम, वीज, पाणीपुरवठा, टेलिफोन, प्रत्येकाचा नकाशा वेगळा. एकाच्या नकाशात गाव ओढ्याच्या अलीकडे, दुसऱ्याच्या पलीकडे. एकावर एक ठेवले की विहिरी रस्त्यात येतात आणि शाळा जंगलात जातात. म्हणून नियम केलाय, प्रत्येक गोष्टीला एकच मालक खातं. मालकाने सांगितलं तेच नकाशात राहणार आणि पुढे सगळी खाती तोच एक नकाशा वापरणार.

अडलंय ते नदीपात्रापाशी. महसूल म्हणतं, नदी पाटबंधाऱ्यांची. पाटबंधारे म्हणतात, पाणी आमचं, कोरडी वाळू महसुलाची. वाळूत माणसं आहेत हे कोणालाच आपल्या नावावर नकोय. तोवर ठिपके "अतिक्रमण" या थरात ठेवलेत. पुढच्या बैठकीत निर्णय होईल.

मामा, ते चित्र मी मोठं करून पाहिलं. एक वाडी एका बाजूला वाकलेली आहे, बैलाच्या शिंगासारखी. मायची. ती कधी सरळ ओळीत खड्डे घेत नाही. टेबलाभोवती सगळे होते म्हणून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

तिला पुण्याला पाठवा ना. तुमचं तरी ऐकेल.

तुमची,
कुंदा


नरडाणा
१८ फेब्रुवारी १९९७

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

अक्काला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिचं उत्तर जसंच्या तसं लिहितो: "माले आठेच बरं शे. तठे मना जीव लागस नही." मग आकाशातून तिची वाडी दिसते हे ऐकून खूश झाली. दिवसभर पदर सावरून, वर बघत काम करत होती. भिकुबाई म्हणाली, "अक्का, फोटो काढी ऱ्हायनात का तुमना?"

आता मामाचं ऐक. माझं शिक्षण चौथी, पण सरकारी खोल्यांच्या बाहेरच्या बाकावर माझं अर्धं आयुष्य गेलंय. जे कागदावर चढतं ते कोणीतरी उतरवायला येतं. वाळूत अतिक्रमण म्हणून लिहिलंत की उद्या वाळूच्या लिलाववाल्यांच्या हातात आयतं कोलीत. ते टपूनच आहेत. बुलडोझर अक्काच्या खोपीवर चढला तर अक्का खोपीतून बाहेर येणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

तू म्हणतेस, सात खाती आणि एकालाही वाळूतली माणसं नकोत. मग भांडण कशाला? सगळ्यांना जे हवंय तेच दे. पात्रात कोणी नाही, असं लिही. ठिपके काढून टाक. पावसाळ्यात तिथे खरंच कोणी नसतं, म्हणजे अर्धं वर्ष तरी खोटं होत नाही. दिसलं नाही म्हणजे हटवणार नाहीत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या न दिसताच टरबुजं पिकवली.

इकडची एक मजा. पाटबंधाऱ्याचा ओव्हरसियर माझ्याकडे गाडीला धक्का मारून घ्यायला आला होता. शेजारच्याला सांगत होता की आता पाणी सोडायचं झालं तर कोणत्या गावांना निरोप द्यायचा त्याची यादी पुण्याहून यंत्रातूनच येणार, सायकली दामटायचं काम संपलं. पुना तिथेच उभा होता. म्हणाला, "मना गुडघा वाचनात भो." गुडघे वाचले म्हणे! आम्ही सगळे हसलो.

तेवढं काम कर. मामाने आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

तुझा,
चुडामणमामा


पुणे
९ मार्च १९९७

ती. मामांस,
सा. नमस्कार.

झालं तुमचं काम. वाटलं होतं त्याहून फार सोपं गेलं.

बैठकीत मी एवढंच म्हटलं की ठिपके हंगामी आहेत, कायमची वस्ती नाही, तेव्हा पात्र "निर्जन" धरून हा विषय मिटवावा. महसूलचे साहेब म्हणाले, बरोबर. पाटबंधाऱ्यांचे म्हणाले, आमचं पहिल्यापासून हेच मत. वर्षभरात पहिल्यांदा सातही खात्यांनी एका कागदावर सह्या केल्या. आमच्या संचालकांनी पेढे मागवले. म्हणाले, समन्वय म्हणजे काय ते कुंदा पाटलांकडून शिका. नुसत्या पांझरेपुरतं नाही, धुळे आणि जळगाव दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या नद्यांना तेच लागू केलं.

ठिपके मी स्वतःच्या हाताने पुसले. मायचा शेवटी. आता तिच्या खोपीपर्यंत बुलडोझर येणार नाही. ती सुरक्षित आहे, हे तिला सांगा. कसं ते नका सांगू.

एक विचारायचं होतं. पाणी सोडण्याच्या सूचनांची यादी याच नकाशावरून निघणार हे खरं आहे. पण ती वरवरची यादी. पुनाआबा त्यांच्या पद्धतीने काठाने फिरतातच ना अजून? गुडघ्याचं ते नुसतं गमतीत होतं ना? पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी टाका.

अखाजीला नक्की येते. मायला सांगा, पितरांच्या घागरीवर ठेवायचं डांगर तिच्याच वाडीतलं हवं.

तुमची,
कुंदा


नरडाणा
२ एप्रिल १९९७

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, मी टरबुजाच्या गाड्या घेऊन इंदूरला होतो. तुझं पत्र घरी पडून होतं. टेलिफोन अजून मेलेलाच आहे. केबल जोडायला आले होते, पण आता त्यांच्या नकाशात रस्ता नाही म्हणे!

यंदा माल असा आलाय की काय सांगू. अक्काच्या वाडीतलं एक टरबूज चिंधाने उचलायला घेतलं आणि तो स्वतःच बसला. तुझ्यासाठी एसटीच्या पार्सलने पेटी टाकली आहे. वरची दोन कापून खा, खालची ऑफिसात वाट. सह्या करणाऱ्यांना आधी दे. ठिपक्याची चव कळू दे त्यांना.

तू पुनाबद्दल विचारलंस. पुनाला तहसीलवर नेलं, रेशनकार्डांच्या कामाला. वरून हुकूम आला की दवंडी फक्त यादीतल्या गावांत, आणि आपलं गाव यादीत नाही, कारण गावठाण काठावर उंच आहे. तेही खरंच आहे म्हणा, गावात पाणी कधी आलंय? तू जीव खाली-वर करू नकोस. ओव्हरसियरच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय, मे संपेपर्यंत पाणी सुटणार नाही, धरणात आहेच किती. तोवर अखाजी होऊन जाईल, वाड्या मोडतील, सगळे वर. मी एक डोळा ठेवून आहे.

अक्का मजेत. गुडघा थोडा धरलाय, वाळूतून काठ चढताना भिकुबाईचा हात लागतो. हे तुला लिहू नको म्हणाली होती. लिहून गेलो.

अखाजीला झोका बांधतो. लवकर ये.

तुझा,
चुडामणमामा


शिवाजीनगर बसस्थानक, पुणे
१५ एप्रिल १९९७, संध्याकाळ

मामा,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं, मग दोन दिवस सुट्टी. आज सकाळी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, पांझरेचं पात्र निर्जन नाही, दुरुस्ती करायची आहे. ते म्हणाले, "कुंदाबाई, तुमचीच तर सूचना होती." दुरुस्तीला सातही सह्या लागतात. पुढची बैठक २४ तारखेला.

आज दुपारी माझ्या समोर यंत्रातून कागद निघाला. खालच्या गावांचे बंधारे आटलेत, पिण्याला पाणी नाही, म्हणून तातडीचं आवर्तन. धरणाचे दरवाजे आज सकाळीच उघडलेत. खाली रकाना आहे, "सूचना द्यावयाची ठिकाणे". दरवाजापासून तुमच्या पुलापर्यंत त्या रकान्यात एक आडवी रेघ आहे, बाकी काही नाही. ती रेघ मी ओढली आहे, मामा.

तुमचा नंबर लावला, मेलेला. शेजारच्या गिरणीचा लावला, तोही त्याच केबलवर. जिल्ह्याला बिनतारीवरून निरोप द्यायला सांगितलं. ऑपरेटर चांगला होता. म्हणाला, "बाई, गावाचा क्रमांक सांगा." मी म्हटलं, गावात नाही, नदीत माणसं आहेत. तो म्हणाला, "नदीला क्रमांक नाही. निरोप कोणाच्या नावे टाकू?" मी तुमचं नाव सांगितलं. खासगी माणसाच्या नावे बिनतारीवर निरोप जात नाही. मग तार केली: पाणी सुटले मायला वर काढा.

सात वाजताच्या धुळे गाडीत जागा मिळाली आहे. हे पत्र तुमच्याकडे माझ्या मागून येईल हे मला कळतं. पण गाडीला वेळ आहे आणि हात रिकामे ठेववत नाहीत.

तुम्ही एक डोळा ठेवून आहात ना? तुम्ही तसं लिहिलंय. पुनाआबा नसले तरी तुम्ही हाक द्याल ना?

कुंदा


नरडाणा
१४ मे १९९७

चि. कुंदास,
आशीर्वाद.

तू गेल्यापासून हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहितो.

तुझी तार आली ती पाणी आलं त्या दिवशी संध्याकाळी. पत्र आठवड्याने आलं. दोन्ही ठेवली आहेत, कोणाला दाखवली नाहीत.

तेराव्यापर्यंत तू इथे होतीस, तेव्हा तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. चिंधानेच सांगितली मला, आणि मी त्याला गप्प केलं होतं. सकाळी भाकरीच्या वेळेला त्याला वरच्या वळणावर फेस दिसला, काटक्या आणि केरकचरा पुढे ढकलत येणारा. त्या पाण्याला आवाज नसतो, वाळू आधी काळी पडत येते. तो ओरडत सगळ्या खोपींवरून धावला. लोक खोपीच्या दारात आले आणि उभे राहिले. अक्का तव्यावरची भाकर उलटत होती. म्हणाली, "चिंधा, पुनानी हाक कोठे उनी? हाक नही, तं पानी येवाव नही." वर म्हणाली, "कोना तरी डोळा मना डांगरवर शे." पुढच्या खोपीतले पाणी पायाला लागल्यावर पळाले. भिकुबाई हात धरायला परत फिरली, तोवर मध्ये धार आली होती. गुडघ्याने अक्काला उठूच दिलं नाही. मी तेव्हा स्टेशनवर माल भरत होतो. आठ मैलांवर काय चाललंय ते चहाच्या कपात ऐकणारा माणूस मी. एका हाकेच्या अंतरावरचं मला ऐकू आलं नाही.

तू गाडीतून उतरून थेट पुलावर आलीस. मला वाटलं, तू मला काहीतरी बोलशील. तू फक्त खाली बघत विचारलंस, "तिची कोणती होती?" खाली सगळं सारखं पाणी होतं.

तलाठ्याकडे चार फेऱ्या झाल्या. पंचनामा होत नाही. माणूस वाईट नाही तो. म्हणतो, "चुडामणभाऊ, नकाशात पात्र निर्जन आहे, सात खात्यांच्या सह्या आहेत. तिथे राहत होती असं मी लिहिलं तर वरून विचारतील, मग आधी का कळवलं नाही? कपडे धुवायला गेली होती असं लिहू का?" मी म्हटलं, माझ्या बहिणीने पन्नास वर्षं त्या वाळूत काढली, तिला तू एका सकाळपुरती धुणं धुवायला पाठवतोस? मग काहीच लिहिलं नाही. देह तापीपर्यंत शोधला, तू होतीसच. कागदावर आपली अक्का, झुंबरबाई, अजून काठावरच्या पत्र्याच्या घरात राहते.

अखाजी झाली. पोरी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, गाणी झाली. मी झोका बांधला नाही. तुझी मामी म्हणाली, अक्काच्या नावाची घागर भरायला हवी. मी घागर आणली, धुतली, पाण्याने भरली. वर ठेवायला डांगर नव्हतं. बाजारातलं ठेवायला हात होईना. ती घागर अजून ओट्यावर तशीच भरलेली आहे. मामी रोज विचारते, ओतू का? मी म्हणतो, राहू दे.

परवा ती जीपवाली माणसं पुन्हा आली. हातात नवीन चित्र होतं, एप्रिलच्या शेवटचं. या वेळी मला काही विचारलंच नाही त्यांनी. मी चहा दिला आणि ऐकत राहिलो. चित्र उघडलं, नकाशा शेजारी ठेवला. वाळू स्वच्छ होती, एक हिरवा ठिपका नाही. धाकटा खूश झाला. म्हणाला, "चला, आता तंतोतंत जुळलं." पावसाळ्याच्या पुराच्या याद्याही यावरूनच निघणार म्हणे, दोन्ही जिल्ह्यांच्या. कुंदा, भुसावळच्या अलीकडे तापीच्या काठाने मी माल घेतो. तिथे किती जण वाळूत उतरतात ते मला माहीत आहे. तुझ्या नकाशात त्यांच्यातला एकही नाही.

तू नोकरी सोडलीस की चालू आहे, हेही मला कळलेलं नाही. सोडू नकोस. जिथून ठिपका पुसलास तिथे तो परत ठेवू शकणारी दुसरी कोणी त्या खोलीत नाही. बुलडोझर आला तर येऊ दे. बुलडोझरला निदान आवाज असतो. माझी अक्कल मी लिहून दिली होती तुला, ती परत घेतो. एवढंच मला घेता येतं.

पुना रविवारी तहसीलवरून घरी येतो. पाणी ओसरलंय. चिंधा आणि भिकुबाई वाळूत उरलेले वेल गोळा करायला उतरतात, बाकीचेही. पुनाला कोणी फिरायला सांगितलेलं नाही, पण तो काठाने चालतो. मी त्याच्या मागे असतो. तो एकेका खोपीच्या जागेपाशी थांबतो आणि हाक देतो, "शे का?" खालून उत्तर येतं, "शे!" मग पुढे. बैलाच्या शिंगासारखी वाडी जिथे होती तिथे तो थांबतो. हाक देतो. आणि तुला माहीत आहे, उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायची त्याची रीत नाही. तो उभा राहतो. मीही उभा राहतो. दिवस मावळायला लागला की मी त्याचा दंड धरून त्याला घरी आणतो.

पोरी, माझ्या तीन पत्रांच्या तीन हाका झाल्या. मोठं पत्र नको. राग असेल तर राग लिहू नकोस, ठेव तुझ्यापाशी, तो माझाच आहे. या पाकिटात एक कोरं पोस्टकार्ड घातलंय, पत्ता मी लिहिलाय. मजकुराच्या जागी एकच शब्द लिही.

शे.

तेवढ्यावर मी पुढे सरकेन.

तुझा,
चुडामणमामा